यार्देनेकाठची वेदी आणि बुरसटलेली भाकर

मननासाठी शास्त्रभाग : यहोशवा, अध्याय ९ व अध्याय २२



यहोशवाच्या पुस्तकात दोन वृत्तांत आहेत. एक नवव्या अध्यायात आहे व दुसरा बाविसाव्यात. हे दोन्ही आपल्या परिचयाचे आहेत. परंतु ते एकमेकांशेजारी ठेवून वाचले असता त्यांतून जो बोध निघतो, तो वेगवेगळे वाचले असता निघत नाही. एका वृत्तांतात देवाच्या लोकांनी लबाडास खरे मानले. दुसऱ्यात त्यांनी खऱ्या मनुष्यांस लबाड मानले. गावोगावच्या मंडळ्यांची हानी बहुतकरून ह्याच दोन वाटांनी होत असते, म्हणून आज ह्या विषयाकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो.

पहिला वृत्तांत गिबोनकरांचा. यरीहो व आय ही नगरे पडल्याची वार्ता ऐकून हे लोक भयभीत झाले, आणि त्यांनी एक युक्ती योजिली. गाढवांवर जुनी गोणपाटे घातली. फाटून शिवलेले द्राक्षारसाचे बुधले बरोबर घेतले. पायांत ठिगळे लावलेले जोडे व अंगावर जीर्ण वस्त्रे घातली. आणि शिदोरीस वाळून बुरसटलेल्या भाकरी बांधल्या. गिलगाल येथील छावणीत येऊन त्यांनी सांगितले की, आपण फार दूरच्या देशाहून आलो असून इस्राएलाच्या देवाचे नाव व त्याची कृत्ये ऐकून करार करावयास आलो आहो. इस्राएल लोकांच्या मनात प्रथम शंका आली होती. तुम्ही कदाचित आमच्या शेजारचेच असाल, असे त्यांनी बोलूनही दाखविले. परंतु ती भाकर पाहून शंका विरून गेली. पुढाऱ्यांनी त्यांच्या शिदोरीतील अन्न घेतले, परमेश्वरास विचारले नाही, आणि शपथ वाहून करार केला. तीन दिवसांनी कळले की, हे लोक शेजारच्याच नगरांत राहणारे आहेत.

दुसरा वृत्तांत ह्याच्या अगदी उलट आहे. देश जिंकून झाल्यावर रऊबेनी, गादी व मनश्शेचा अर्धा वंश हे आपल्या बांधवांचा निरोप घेऊन यार्देनेपलीकडील आपल्या वतनाकडे निघाले. अनेक वर्षे त्यांनी भावांच्या खांद्यास खांदा लावून युद्ध केले होते. वाटेत यार्देनेजवळ त्यांनी एक मोठी वेदी बांधली. ही वार्ता इतर वंशांच्या कानी गेली मात्र, सर्व मंडळी शिलो येथे लढाईस जमली. परमेश्वराची वेदी एकच असता ह्यांनी दुसरी बांधली, त्या अर्थी हे फितूर झाले, असा त्यांनी निर्णय करून टाकला. परंतु तलवार चालविण्यापूर्वी त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. एलाजार याजकाचा पुत्र फीनहास व त्याच्याबरोबर दहा सरदार ह्यांस त्यांनी विचारावयास पाठविले. तेव्हा कळले की, ती वेदी यज्ञासाठी नव्हतीच. पुढे केव्हा तरी नदीच्या ह्या बाजूची मुले त्या बाजूच्या मुलांस, तुमचा परमेश्वराशी काय संबंध, असे म्हणतील, ह्या भयाने त्यांनी ती साक्ष म्हणून उभारली होती. ज्या कृत्यात भावांना फितुरी दिसली, ते कृत्य भावांशी असलेले नाते तुटू नये म्हणूनच केलेले होते.

वाचकहो, आता हे दोन वृत्तांत शेजारी ठेवा. परक्यांचे कपट एका दिवसात गळी उतरले. आणि ज्यांनी बरोबरीने रक्त सांडले, त्यांचा प्रामाणिकपणा मात्र क्षणात द्रोह ठरला. असे का व्हावे? आमच्या मते ह्याचे कारण असे की, गिबोनकर जे बोलले ते ऐकावयास गोड होते. तुमच्या देवाची कीर्ती दूर देशी पोहोचली आहे, हे ऐकून कोणाचे मन फुलणार नाही? उलटपक्षी यार्देनेकाठची वेदी डोळ्यांस खुपणारी होती. मनुष्यस्वभाव असा आहे की, जे गोड ते खरे व जे खुपते ते खोटे, असा हिशेब मन आपोआप मांडून मोकळे होते. ठकास हा हिशेब पक्का ठाऊक असतो. म्हणूनच जो फसवावयास येतो तो सहसा आपल्याशी वाद घालीत नाही. तो आपल्या होकारात होकार मिळवितो.

मानवी मनाचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांनी ह्या गोष्टीचा पुष्कळ शोध केला आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील ली रॉस ह्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली असे मांडले की, प्रत्येक मनुष्यास वाटते, आपण जगाकडे जसे आहे तसेच पाहतो. मग जो आपल्याशी सहमत होत नाही त्याच्याविषयी तो तीनच तर्क करितो : एक तर त्यास पुरती माहिती नाही, नाही तर त्यास विचार करिता येत नाही, नाही तर त्याचा काही स्वार्थ आहे. चौथा तर्क, म्हणजे कदाचित त्यास असे काही दिसत असेल जे मला माझ्या जागेवरून दिसत नाही, हा मनात सहजासहजी येत नाही. तो प्रयत्नाने आणावा लागतो. आपल्या पंचांच्या सभेत हे आपण नित्य पाहतो. एखाद्या बंधूने उभे राहून विरुद्ध मत दिले की, त्याचे म्हणणे काय आहे हे पाहण्यापूर्वीच कुजबुज सुरू होते : ह्यास कोणी फूस लावली? हा कोणाच्या सांगण्यावरून बोलत आहे? मताचा विचार बाजूस राहतो आणि मनुष्याची चौकशी सुरू होते.

बरे, ज्या दृष्टीने आपण दुसऱ्याच्या मनातील कपट हेरू पाहतो, ती दृष्टी तरी किती भरवशाची आहे? चार्ल्स बाँड व बेला डिपॉलो ह्या दोन संशोधकांनी २००६ साली ह्या विषयावरील शेकडो प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. त्यांत चोवीस हजारांहून अधिक माणसांनी, समोरचा खरे बोलतो की खोटे, हे केवळ पाहून व ऐकून सांगावयाचे होते. सरासरीने त्यांचा निर्णय शंभरांपैकी ५४ वेळा बरोबर निघाला. नाणे उडवून छापा की काटा पाहिले असते, तरी ५० वेळा बरोबर आलाच असता! त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात ५८ देशांतील लोकांस, खोटे बोलणारा कसा ओळखावा, असे विचारले होते. सर्वांत अधिक मिळालेले उत्तर हे की, तो डोळ्यास डोळा भिडवीत नाही. परंतु ह्या खुणेवर विसंबता येत नाही, असे प्रयोगांवरून दिसून आले आहे.

आमच्या ग्रामवासी वाचकांनी ह्या शेवटच्या गोष्टीचा विशेष विचार करावा. आपल्याकडे वडीलधाऱ्यांपुढे खाली पाहून बोलणे ही मर्यादा समजली जाते. सून सासऱ्यापुढे मान वर करीत नाही. मजूर मालकापुढे अडखळतो, मुलगा गुरुजींपुढे गोंधळतो. ह्यांपैकी कोणावर आळ आला व डोळ्यांवरून न्याय करावयाचा म्हटले, तर गरीब प्रामाणिक मनुष्य चोर ठरेल. आणि ज्यास खोटे बोलण्याचा सराव आहे तो नजर न ढळविता, हसतमुखाने, साव ठरून निघून जाईल. चोर सोडून संन्याशास सुळी देण्याची आपली जुनी म्हण ह्याच प्रकारास लागू आहे.

मग खोटे उघडकीस येते तरी कसे? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील विद्यार्थ्यांस विचारले होते की, तुम्हांस कोणी खोटे सांगितल्याचे तुमच्या प्रत्यक्ष ध्यानात आले, ते कसे आले? उत्तरे पाहता असे आढळले की, तोंडाकडे पाहून जागच्या जागी खोटे ओळखल्याची उदाहरणे फार थोडी होती. बहुतेक खोटे मागाहून कळले, आणि ते तिसऱ्या माणसाकडून, काही वस्तूच्या पुराव्यावरून किंवा स्वतः बोलणाराच कबूल झाल्यामुळे कळले. गिलगालातही असेच झाले. तीन दिवसांनी बातमी आली व कपट उघडे पडले. पुढारी मूर्ख नव्हते. त्यांनी पुरावा तपासला होता. पण तो सगळा पुरावा ठकाच्याच पिशवीतून निघाला होता! भाकर त्याची, बुधले त्याचे, जोडे त्याचे. छावणीतून एकही मनुष्य, हे लोक आले त्या वाटेवर, चौकशीस गेला नाही.

येथे कोणी म्हणेल की, तर मग कोणावरच विश्वास ठेवू नये. बंधूंनो, हा बोध ह्यातून निघत नाही. ह्या विषयाचा दीर्घ अभ्यास केलेल्या टिमथी लेव्हीन ह्यांचे म्हणणे असे आहे की, मनुष्य स्वभावतःच दुसऱ्याचे बोलणे खरे धरून चालतो, आणि ते योग्यच आहे. कारण बहुतेक माणसे बहुतेक वेळा खरेच बोलत असतात. असा विश्वास नसेल तर शेजारी शेजाऱ्यास बी-बियाणे उसने देणार नाही व आई मुलास शाळेत धाडणार नाही. शिवाय सर्वांवर संशय घेतल्याने खोटे ओळखण्याचे कौशल्य वाढत नाही. वाढते ते एवढेच की, खरे बोलणाऱ्यांवर आळ अधिक येतो. शिलो येथे जमलेल्या लोकांचा संशय काही थोडा नव्हता, आणि तो सर्वथा चुकीचा होता. तेव्हा संशय हे औषध नव्हे. चौकशी हे औषध आहे. संशय घरी बसून वाढतो; चौकशीस उठून चालत जावे लागते.

आता अहाब राजाचे उदाहरण घ्या. ते राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. रामोथ-गिलादावर स्वारी करावी की नाही, हे त्याने सुमारे चारशे संदेष्ट्यांस विचारले, आणि सर्वांनी एका सुरात होय म्हटले. यहूदाचा राजा यहोशाफाट ह्यास मात्र ह्या एकसुरातच काही उणे वाटले. त्याने विचारले की, आणखी कोणी उरला आहे काय? तेव्हा अहाबास सांगावे लागले की, मीखाया नावाचा एक आहे, परंतु तो आपल्याविषयी कधी बरे बोलत नाही म्हणून आपण त्याचा द्वेष करितो. पाहा, त्याने मीखाया खोटे बोलतो असे म्हटले नाही. मीखाया आपल्यास बरे वाटेल ते बोलत नाही, एवढेच त्याचे गाऱ्हाणे होते. मीखायास बंदिशाळेत टाकून तो लढाईस गेला आणि तेथे मेला. चारशे होकारांनी त्याचा घात केला, आणि ज्या एका नकाराने तो वाचला असता त्यास त्याने कुलूप लावले.

असा एक नकार किती मोलाचा असतो, हे सॉलोमन ॲश ह्या मानसशास्त्रवेत्त्याने १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून दिसते. त्याने काही तरुणांस एकत्र बसवून, कागदावरील रेघांपैकी कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी आहे, असा अगदी सोपा प्रश्न विचारला. त्यांतील एकाखेरीज बाकीचे सर्व आधीच शिकवून ठेविलेले होते, व ते ठरल्याप्रमाणे एकमुखाने चुकीचे उत्तर देत. तेव्हा त्या एकट्याने, डोळ्यांस स्पष्ट दिसत असताही, सुमारे एक तृतीयांश वेळा बहुमतास अनुसरून चुकीचे उत्तर दिले. एकटेच उत्तर लिहावयाचे असता अशी चूक क्वचितच होई. परंतु त्या घोळक्यात एकच जण खरे बोलणारा बसविला की, दुसऱ्याचेही धैर्य परत येई, व चुका पुष्कळच कमी होत. म्हणजे सभेतील एक प्रामाणिक विरोधी मनुष्य केवळ आपले मत सांगून थांबत नाही. गप्प बसलेल्या इतरांच्या डोळ्यांवरील पट्टीही तो सोडवितो.

ह्या सर्व गोष्टी ख्रिस्ती लोकांत कशा घडतात, ह्याचा एक दाखला अमेरिकेतून आम्ही देतो. तेथे फिलाडेल्फिया नगराजवळ १९८९ साली जॉन बेनेट नावाच्या गृहस्थाने 'न्यू इरा' ह्या नावाने एक धर्मादाय संस्था काढली. हा गृहस्थ धार्मिक वृत्तीचा, गोड बोलणारा व चर्चच्या लोकांत मान असलेला होता. त्याने सांगितले की, काही धनवान दाते आपले नाव गुप्त ठेवून देवाच्या कार्यास पैसा देऊ इच्छितात. तुम्ही आपली रक्कम काही महिने आमच्याकडे ठेवा, म्हणजे ते तितकीच भर घालतील व तुम्हांस दुप्पट मिळेल. प्रथम ज्यांनी ठेविली त्यांस खरोखर दुप्पट मिळाली. त्यांनी आपल्या मित्रांस सांगितले, मित्रांनी आपल्या मित्रांस. महाविद्यालये, मिशन संस्था, चर्चे, शेकडो ठिकाणांहून पैसा येऊ लागला. अमका देवभीरू मनुष्य ठेवतो, मग आम्ही का ठेवू नये, असे प्रत्येकास वाटे. आणि तो अमका मनुष्यही दुसऱ्या कोणाकडे पाहूनच ठेवीत होता.

मिशिगन राज्यातील एका लहान ख्रिस्ती महाविद्यालयात हिशेबशास्त्र शिकविणारे आल्बर्ट मेयर ह्यांच्या दृष्टीस १९९३ साली हा व्यवहार पडला. दुप्पट देणारे दाते कोण, हा त्यांचा साधा प्रश्न होता, व त्यास उत्तर मिळेना. त्यांनी विरोध दाखविला, पण पुष्कळांस तो रुचला नाही. मंडळीचे भले होत असता मध्येच खोडा घालणारा हा कोण, असे वाटणे किती सोपे आहे! मेयर ह्यांनी कोणाच्या चेहऱ्याकडे पाहून निर्णय केला नाही, की कोणास शिव्याशाप दिले नाहीत. ते कागद मागत राहिले. संस्थेने सरकारास सादर केलेले विवरणपत्र त्यांनी मिळविले, आणि एवढा पैसा ठेवीत असता त्याचे व्याज म्हणून दाखविलेली रक्कम अगदीच अल्प आहे, हे त्यांनी हेरले. शेवटी ती कागदपत्रे त्यांनी सरकारी अधिकाऱ्यांकडे धाडली. मे १९९५ मध्ये ती संस्था कोसळली. गुप्त दाते कोणी नव्हतेच. मागून येणाऱ्यांचा पैसा पुढच्यांस दुप्पट म्हणून दिला जात होता. १९९७ साली बेनेट ह्यास बारा वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. ज्या संस्थांस आरंभी लाभ झाला होता, त्यांपैकी पुष्कळांनी तो लाभ परत केला, ही गोष्टही येथे सांगितली पाहिजे. कारण त्यामुळे बुडालेल्या भावांचा भार काहीसा हलका झाला.

ह्या दाखल्यात गिबोन व यार्देन एकाच ठिकाणी दिसतात. बुरसटलेली भाकर दाखविणारा गोड मनुष्य सर्वांस आपला वाटला. आणि जो खरोखर आपला होता, त्याचा प्रश्न मात्र नकोसा वाटला. अशा भाकरी आपल्या गावांतही येतात. कोणी मोबाइलवर निरोप धाडतो की, परदेशातून तुमच्या मंडळीस देणगी आली आहे, ती सोडविण्यास थोडे पैसे आधी भरा. कोणी दारी येऊन सांगतो की, पैसे भरा, मुलास नोकरी लावून देतो, पण ही गोष्ट पाळकांस कळू देऊ नका. ज्या बाईने आठवडी बाजारात एक मडके घेताना ते बोटांनी वाजवून पाहिले, ज्या शेतकऱ्याने बैल घेताना त्याचे दात पाहिले व त्यास चालवून पाहिले, तीच माणसे प्रभूच्या नावाने आलेल्या शब्दास न वाजविता, न तपासता घरात घेतात. आणि घरातलीच सून किंवा मुलगा, हे काही बरे दिसत नाही, असे म्हणाला, तर त्यास गप्प करितात.

तर मग मतभेद व कपट ह्यांतील अंतर कसे ओळखावे? आमच्या समजुतीप्रमाणे काही खुणा सांगता येतात. प्रामाणिक विरोधी मनुष्य तोंडावर बोलतो. कपटी मनुष्य एकेकास बाजूस घेऊन बोलतो. प्रामाणिक मनुष्य म्हणतो, जा, दुसऱ्यासही विचारा; कपटी म्हणतो, कोणास सांगू नका. प्रामाणिक मनुष्य वेळ देतो. कपट्यास घाई असते. प्रामाणिक मनुष्यास आपल्या मतापायी बहुधा काही सोसावे लागते. कपट्यास आपल्या गोडीपायी काही मिळावयाचे असते. ह्या खुणा चेहऱ्यावरील नाहीत, वागणुकीतील आहेत. म्हणून त्या पाहावयास पोलिसाची किंवा पंडिताची विद्या लागत नाही.

प्रेषितांच्या चरित्रातही हे दिसते. अंत्युखिया येथे पेत्र परराष्ट्रीय बंधूंच्या पंक्तीतून मागे सरला, तेव्हा पौलाने त्यास सर्वांसमक्ष, तोंडावर दोष दिला. पाठीमागे कुजबुज केली नाही. पुढे मार्कास बरोबर न्यावे की न न्यावे, ह्यावरून पौल व बर्णबा ह्यांच्यात इतका तीव्र वाद झाला की, ते एकमेकांस सोडून गेले. तथापि त्यांच्यापैकी एकाने दुसऱ्यास लबाड म्हटल्याचे आपण वाचीत नाही. आणि पुढे तोच पौल तीमथ्यास लिहितो की, मार्कास घेऊन ये, तो उपयोगी आहे. अन्न व सणवार ह्यांविषयी भिन्न मते असलेल्या रोम येथील बंधूंस त्याने सांगितले की, एकमेकांस तुच्छ मानू नये व एकमेकांचा न्याय करू नये. आणि बिरुया येथील लोकांनी तर खुद्द पौलाचे बोलणे शास्त्राशी ताडून पाहिले, तेव्हा त्यांची निंदा झाली नाही, प्रशंसाच झाली. ज्यास सत्य सांगावयाचे आहे, त्यास श्रोत्यांनी तपासणी केल्याचा राग येत नाही. उपदेशक बंधूंनी हे विशेषेकरून ध्यानात ठेवावे.

आता मंडळ्यांनी करावयाच्या काही गोष्टी आम्ही सुचवितो.

पहिली : तीन दिवस थांबा. पैशाचा, शपथेचा किंवा कोणास मंडळीतून दूर करण्याचा निर्णय त्याच दिवशी करू नका. गिलगालच्या पुढाऱ्यांनी तीन दिवस धीर धरिला असता, तर शपथ वाहण्याचा प्रसंगच आला नसता.

दुसरी : ठकाच्या पिशवीतला पुरावा पुरेसा मानू नका. कोणी पत्र, शिक्का किंवा छायाचित्र दाखविले, तर ज्याच्या नावाने ते आले आहे त्यास तुम्ही स्वतः, तुम्हांस आधीपासून ठाऊक असलेल्या ठिकाणी, विचारा. दान मोजताना दोघांनी मोजावे व हिशेब सभेपुढे वाचावा. ह्यात खजिनदाराचा अपमान नाही. उलट त्याच्यावर पुढे येणाऱ्या आळापासून त्याचे रक्षण आहे.

तिसरी : मनुष्याविषयी बोलू नका, मनुष्याशी बोला. ज्याच्याविषयी संशय आहे त्याच्या घरी दोघे-तिघे जा, आणि तू असे का केलेस, हे विचारून उत्तर संपेपर्यंत ऐका.

चौथी : विरोधी मतास जागा ठेवा. मोठा ठराव करण्यापूर्वी वडिलांनी सभेस विचारावे, ह्याच्या विरुद्ध कोणास काही म्हणावयाचे आहे काय? आणि मग खरोखर वाट पाहावी. बोलणारी एखादी विधवा असेल, एखादा तरुण असेल, ज्यास अक्षरओळख नाही असा मजूर असेल. तरी त्याचे म्हणणे सभेच्या वहीत लिहावे. त्याचे मत मान्य केलेच पाहिजे असे नाही. सोसणे म्हणजे मान्य करणे नव्हे. बोलणाऱ्याची पत न घालविता त्याचे म्हणणे तोलणे, हेच सोसणे होय.

पाचवी : कपट सिद्ध झाले तर ते झाकू नका, परंतु सूडही उगवू नका. गिबोनकरांचे कपट कळल्यावर लोक कुरकुरले, पण पुढाऱ्यांनी त्यांस मारू दिले नाही. देवाच्या नावाने वाहिलेली शपथ त्यांनी पाळली, आणि त्यांस लाकडे फोडण्याच्या व पाणी भरण्याच्या कामास लाविले. खोट्यास खोटे म्हणावे, पुढची हानी थांबवावी, आणि न्यायाबाहेर जाऊ नये.

शेवटी फीनहासाकडे पुन्हा एकदा पाहू. तो यार्देनेपलीकडे गेला तेव्हा त्याने कठोर शब्द उच्चारले. पौर येथील पातकाची व आखानाच्या अपराधाची त्याने आठवण दिली. तथापि त्याच भाषणात त्याने एक उदार गोष्ट बोलून दाखविली : तुमचे वतन अशुद्ध वाटत असेल तर इकडे या, आमच्यात वतन घ्या. ज्याच्यावर फितुरीचा आरोप ठेवावयाचा, त्यास आपल्या जमिनीत वाटा देऊ करावयाचा! जमिनीचा एकेक बांध कोणत्या कष्टाने राखला जातो हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ह्या शब्दांची किंमत सांगावयास नको. असे मन घेऊन तो गेला होता, म्हणूनच त्यास उत्तर ऐकू आले. आणि उत्तर ऐकल्यावर त्याने आणखी एक अवघड गोष्ट केली. शिलो येथे लढाईस सज्ज होऊन वाट पाहणाऱ्या लोकांकडे परत जाऊन त्याने सांगितले की, आपला समज खरा नव्हता. ते आपले भाऊच आहेत. जमलेल्या जमावास हवे ते न सांगता खरे ते सांगणे, हे लढाईहून अधिक धैर्याचे काम आहे. त्या दिवशी लोकांनी ते ऐकले, देवाचा धन्यवाद केला, आणि पुन्हा लढाईचे नाव काढले नाही.

बंधुभगिनींनो, तुमच्या मंडळीतही एखादी वेदी कोणी उभारली असेल. एखाद्या भावाने वेगळे मत धरिले असेल, एखाद्या बहिणीने न विचारता काही केले असेल, आणि त्यावरून महिनोन्महिने एकमेकांच्या घरचे पाणी वर्ज्य झाले असेल. कदाचित त्याच काळात कोणी गोड बोलणारा पाहुणा सर्वांच्या ओसरीवर मानाने बसत असेल. पाहुण्याची भाकर मोडून पाहा. आणि भावाकडे चालत जा. त्याने ती वेदी कशासाठी बांधली, हे त्याच्याच तोंडून ऐका. खोटे ओळखण्याची बुद्धी व खरे सोसण्याचे बळ ही दोन्ही दाने एकाच दात्यापासून येतात. ज्या मंडळीत ह्यांपैकी एक आहे व दुसरे नाही, ती अजून शिलो येथे कंबर कसून उभी आहे, किंवा गिलगाल येथे परक्याच्या शिदोरीस बसली आहे. देवपिता आपणा सर्वांस ही दोन्ही दाने देवो. आमेन.